हरभरा कोण मागतंय?

सोनपेठच्या पेठेत शिवाप्पांच्या बियाण्याच्या दुकानात त्या सकाळी कोणी काही मागायच्या आतच हरभरा विकला जात होता. नव्या टचस्क्रीनवर बिलात एक पिशवी चढली, मग दुसरी, मग आणखी. स्क्रीनजवळ माणूस नव्हता.

"शिवाप्पा, नातीनं लय हुशार मशीन केलंय," शेजारचे लोखंडवाले राजेश्वर म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या मनातलं बी वळखायलंय."

पोखर्णीहून आलेले बन्सीधर वैतागले. "मला ज्वारी पायजे, मालक. हरभरा माझ्या मनात बी न्हाई."

नव्या यंत्राच्या मुहूर्ताला जमलेले सगळे हसले. नातीचा, ऋतुजाचा, चेहरा उतरला. पुण्याची नोकरी सोडून ती गावी आली होती. इथंच बसून दुकानांसाठी प्रोग्राम लिहीन, म्हणाली होती. आबांनी, म्हणजे शिवाप्पांनी, एकच अट घातली होती: आधी आपल्या दुकानात चालवून दाखव, नाहीतर पुन्हा पुण्याची गाडी धर.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. तिचा प्रोग्राम वरून साधा दिसे, पण त्याच्या पोटात वेबपानच होतं. ब्राउझरमध्ये असं पान बिघडलं, तर एक बटण दाबून त्याच्या आत डोकावता येतं. तेच पान प्रोग्राममध्ये बसवलं की ती सोय आपोआप येत नाही. बनवणाऱ्याला ती मुद्दाम घालावी लागते. 'बियाण्याच्या दुकानात ते कोण उघडणार?' म्हणून पुण्याच्या मैत्रिणी हसल्या होत्या. तिने तरी घातली होती.

बटण दाबताच अर्धी स्क्रीन काळी झाली आणि तिच्यावर ओळी सरसर उतरू लागल्या. प्रत्येक ओळीचा अर्थ एकच होता: बोट टेकलं.

"आबा, प्रोग्राम बरोबर हाय. कुणीतरी सारखं बोट टेकवायलंय."

"मी तर गादीवरून हाललो बी न्हाई."

"मग भूत असंल," राजेश्वर म्हणाले.

"भुताला कशाला पायजे बियाणं?" आजी गौराबाई फणकारल्या. "त्याला कुठं शेत हाय?"

ऋतुजाने आणखी एक सोय चालू केली. आता जिथं बोट टेकेल तिथं लाल गोल उमटणार होता. गोल उमटला तो डाव्या कडेला, हरभऱ्याच्या चित्रावर. मग गेला. थोड्या वेळाने पुन्हा तिथंच उमटला. ती बघत राहिली. मागं टेबलफॅन मान वळवत होता. त्याचा वारा इकडं आला की गोल उमटे, तिकडं गेला की मिटे.

तिने मान वर केली. आजीने मुहूर्ताला स्क्रीनला झेंडूचा हार घातला होता, वर पाणी शिंपडून. वारा आला की हार झुले आणि त्याचं शेवटचं ओलं फूल नेमकं हरभऱ्यावर टेके. ओल्या फुलाला स्क्रीन बोटच समजत होती.

"आज्जी!" ऋतुजा टाळी वाजवून ओरडली. "तुमची फुलं हरभरा मागायलीत!"

दुकानभर हशा उसळला. बन्सीधर तर पोत्यावर बसूनच हसले.

"मग काय मुहूर्ताला मशीन बोडकं ठिवायचं?" गौराबाई म्हणाल्या. "दरसाल तराजूला हार घालते मी. त्यानं कधी तक्रार केली न्हाई!"

"तराजूला गुदगुल्या होत न्हाईत, आज्जी."

गौराबाईंनी हार काढला. पण मुहूर्ताचा हार परत परडीत कसा टाकायचा? त्यांनी तो सरळ शिवाप्पांच्या गळ्यात घातला. शिवाप्पा लाजले, पण काढला नाही. ऋतुजाने बिलातला हरभरा पुसताच ते तसेच उठले आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने ज्वारी दाबली. यंत्रातून बिल सरकत बाहेर आलं. बन्सीधरांनी ते डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं. "ज्वारीच हाय!"

राजेश्वर जवळ सरकले. "पोरी, माझ्या दुकानात बी बसव असलं. पण ते आत डोकवायचं बटण घालूनच हां. आमच्याकडं तर लय हार घालतेत."

"बसवीन, काका. पण आधी आबांना विचारा, मी हितं ऱ्हाणार हाय का."

शिवाप्पा गादीवर टेकले. "त्यात काय इचारायचं? मागच्या खोलीतली पोती आजच हालवायची हायत. पोरीला टेबल मांडायला जागा नको?"