दोरी न घेतलेली नाव

नेरेत्वा नदीकाठच्या येर्कोच्या गावात संत्र्यांच्या बागा उरल्या होत्या, माणसं उरत नव्हती. पोरं एकेक करून आयर्लंडला गेली. गावच्या नावेला दहा वल्हेकरी लागतात. या ऑगस्टात समुद्रापर्यंतच्या शर्यतीला नऊच भरले. ढोलावर ताल धरणारासुद्धा गेल्याच आठवड्यात विमानात बसला. म्हणून सुकाणूवरच्या येर्कोने दहाव्या जागी पुतण्याला बसवलं. झ्वोने तेवीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेला, बुटका, मनगटाने बळकट. ईस्टरनंतर बाप वारला, तरी एकही सराव त्याने चुकवला नव्हता. पण येर्कोच्या मनात एवढंच होतं, की जागा भरली म्हणजे झालं. हे देवाला ठाऊक होतं, आणि येर्कोला.

गावच्या मंडळींचं ठरलं होतं : नाव वेळेत समुद्राला पोचली तर ठेवायची, नाहीतर हॉटेलवाल्याला द्यायची. तो अंगणात ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार होता. त्याचा ट्रक शेवटच्या धक्क्यावर सकाळपासून उभा होता.

पाद्रीबाबांनी नावांवर तीर्थ शिंपडलं, तोफ उडाली, आणि तासाभरात बाकीच्या नावा वळणाआड गेल्या. मागून पंचांची मोटरबोट आली.

"येर्को काका, दोरी घ्या. तिकडे बाम माशाचा रस्सा गार होतोय."

दोरी नावेत येऊन पडली. ती बांधून ओढत नेलं की शर्यत संपली. ग्रगोने वल्हं उचललं. "घ्या हो काका. बुधवारी माझं विमान आहे. हात तरी शाबूत राहू देत."

एकामागून एक नऊ वल्ही वर झाली. दहावं पाण्यात पडलं.

"झ्वोने, थांब."

"अजून पोचलो नाही."

"अरे, हरलो आपण!"

"माहितीय. मी काय लहान आहे?"

एकट्या डाव्या वल्ह्याने नाव उजवीकडे लव्हाळ्यात वळू लागली. सुकाणूला ती ऐकेना.

"ए शहाण्या, चिखलात घालशील!" उजवीकडून ग्रगो ओरडला.

"मग तू मार ना."

ग्रगोने शिवी हासडली आणि नाव सरळ करण्यापुरता एक हात मारला. झ्वोनेने पुढचा मारला. ग्रगो थांबला की नाव वळायची, म्हणून त्याला थांबता येईना. मागचा हसला, "अडकलास रे ग्रगो!" आणि हसताहसता त्याचंही वल्हं पाण्यात गेलं. मग सगळ्यांचीच गेली.

येर्कोने दोरी परत फेकली. ढोल नव्हता, म्हणून तोच मोठ्याने आकडे म्हणू लागला. घसा फाटला होता. पण देवळातल्या प्रार्थनेत एकाने म्हणावं आणि सगळ्यांनी ओ द्यावी, तशी दहा वल्ही त्याला ओ देत होती. त्याचे डोळे भरून आले.

पोचले तेव्हा पंचांचं टेबल मिटलेलं होतं. एक बाई कागदी पेले झाडत होती.

"वेळ केव्हाच संपली, काका," पंच म्हणाला. "यादीत नाव येणार नाही."

टाळी कुणी वाजवली नाही. ट्रकवाल्याने फळी पाडली. वल्हेकरी कंबर धरून उतरले. झ्वोने उतरला नाही.

"उतर बाळा," येर्को म्हणाला. "ठरलं होतं ना आपलं."

"मला कुणी विचारलं होतं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं, येर्कोनेसुद्धा नाही.

ग्रगो आपल्या तळहाताचे फोड बघत उभा होता. "बुधवारला अजून तीन दिवस आहेत," तो पुटपुटला आणि पुन्हा नावेत चढला. त्याच्यामागून आणखी चौघं. बाकीचे चौघं बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी इकडे पाहिलं नाही, आणि येर्कोला त्यांचा राग आला नाही.

"मालकाला सांग, येर्को शब्दाला चुकला," तो ट्रकवाल्याला म्हणाला. "पाप माझ्या माथी."

सगळ्या नावा ट्रकवर घरी जात होत्या. ही तेवढी नदीच्या ओढीविरुद्ध गावाकडे निघाली. सहा वल्ही कमीच पडत होती. काठावरचं एक झाड मागे पडायलाही फार वेळ लागला.