बिननावाचा भोंगा

नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात सत्याऐंशी साली संगणक आला आणि त्याला पहिलं काम दिलं ते भोंग्याचं. आमचा एकुलता एक प्रोग्रामर मार्तंड. त्याने अशी योजना केली, की पाळी सुरू झाली की एक चिमुकला हुकूम घड्याळाकडे लक्ष देऊन बसेल, वेळ भरली की भोंगा वाजवेल आणि आपण होऊन निघून जाईल.

वाजवणं जमलं, जाणं जमेना. दर पाळीला नवा हुकूम येऊन बसे, जुने हलत नसत. सगळे एकामागून एक भोंगा वाजवत. रोज सकाळी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तरच ते हटत, आणि यंत्राला हात लावायची परवानगी एकट्या मार्तंडला.

मार्तंडला तर नाशिकला नोकरी लागली होती. बायको सुमती तिथे शाळेत शिकवायची. मुलगी बापाला ‘नागपूरचे काका’ म्हणू लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

“भोंगा नीट कर अन् जा,” मॅनेजर चंपतराव म्हणाले. “मी काहून अडवू?”

मार्तंडला चूक सापडली. “साहेब, हुकुमाला नाव नाही. ‘स्वतःला काढ’ म्हणावं, तर कोणाला काढायचं हे त्याला सांगता येत नाही. नाव देतो, एका ओळीचं काम आहे.”

“नाव? काय बोलून राहिला गा! रोजंदारीच्या पोरांले मी हजेरीवर काहून घेत नाही? नाव लागलं का युनियन येते, चौकशी लागते. बिननावाचा फाटकातूनच वापस.”

“संगणकात उलटं असतं, साहेब.”

“मंग तुहा संगणकच उलटा हाय. मुंबईले विचारतो.”

मुंबईच्या हेड ऑफिसने उलट विचारलं, की या हुकुमाची नेमणूक केली कोणी? मार्तंडने, असं चंपतरावांनी कळवलं. मार्तंडची चौकशी सुरू झाली. चौकशी चालू असताना माणसाला सोडता येत नाही, हे चंपतरावांनी त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजून समजावलं.

सोमवार गेला. नाशिकवाल्यांनी थोडी वाट पाहून दुसरा माणूस घेतला. त्यानंतर नावाला मंजुरी आली. मार्तंडने नाव घातलं. भोंगा एकदाच वाजला.

“झालं ना?” चंपतराव खूश होऊन म्हणाले. “आता तुले कायची घाई हाय?”

मार्तंडने सुमतीला ट्रंककॉल लावला. “नाही जमलं,” म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली.

कॉलची मुदत अजून बरीच उरली होती. कोणीच फोन ठेवला नाही.