सात बटणांचा हट्ट

अहो, इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा, टेबलावर. मीच बोलतोय. मी एका हाताने चालवायचा कीबोर्ड. अंगावर बटणं फक्त सात. दोन-तीन बटणं एकदम दाबली की एक अक्षर उमटतं. "एवढ्याशा बटणांत काय होणार?" असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांनी आपल्या दहा बोटांनी काय दिवे लावले, ते मी विचारत नाही.

ज्या छोट्या कारखान्यात मी जन्मलो, तो केव्हाच बंद पडला. माझे भाऊबंद कुठे भंगारात गेले, कुठे कपाटात पडले, देव जाणे. मी मात्र भाईंदर पूर्वेला सुचेताच्या घरी आलो आणि टिकलो. सुचेता प्रोग्रॅमर आहे, घरी बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते. तिचा उजवा हात लहानपणापासून चालत नाही. डाव्या हाताने ती माझ्यावर अशी सुटते, की तिचा नवरा विपुल आतल्या खोलीतून ओरडतो, "अगं जरा हळू! कुणी मागे लागलंय का?"

आमचं छान चाललं होतं. मग ऑफिसने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. सुचेताने माझी वायर जोडली आणि त्या लॅपटॉपने मला ओळखच दाखवली नाही! इतकी वर्षं काम केलं, आणि हा काल आलेला मला विचारतो, तू कोण?

झालं होतं असं, की सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्याला माझी भाषा कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. माझा ड्रायव्हर कारखान्याबरोबरच गेला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो कसाबसा चालायचा, नव्यावर नाही. आणि ऑफिसचा नियम असा, की लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकायचं नाही. कर्नलसोबत येईल तेवढंच चालेल.

विपुल मला स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने मला उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "भाईसाब, इसको म्यूझियम में दे दो." विपुल हसला. मी नाही हसलो.

इकडे साध्या कीबोर्डवर एकच हात या टोकापासून त्या टोकाला पळवून सुचेताचा खांदा भरून यायला लागला. काम मागे पडायला लागलं. शेवटी साहेबांचा फोन आला. "सुचेता, कोडिंग राहू दे आता. कस्टमरशी बोलायचं काम घे. तुला सोपं पडेल."

"बघते सर," म्हणून तिने फोन ठेवला आणि जी भडकली! "सोपं पडेल म्हणे! सोपं मागितलं होतं का मी? विपुल, मी ह्याचा ड्रायव्हर लिहिणार आणि थेट कर्नलमध्येच देणार."

हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही, जगभरची माणसं त्यात भर घालतात. कोड मेलवर सगळ्यांसमोर ठेवायचा. त्या भागाचा राखणदार असतो, मेंटेनर, तो तपासतो आणि चारचौघांत चुका काढतो. सुचेताने जुन्या कॉम्प्युटरला मला जोडलं आणि माझा दुभाष्या माझ्याच बटणांवर लिहून काढला. छाती फुगवायला मला छाती नाही, एवढंच.

पहिल्यांदा तिने ऑफिसच्या सवयीने नेहमीच्या मेलमधून कोड पाठवला. त्या मेलने कोडमधल्या मोकळ्या जागांचा पार चिवडा केला. मेंटेनरचं उत्तर आलं, "हे वाचता येत नाही. साध्या मजकुरात पाठवा." तिने परत पाठवला. मग त्याने विचारलं, "हे यंत्र आज वापरतं कोण?"

"मी," तिने लिहिलं. बस्स, एवढंच. तो म्हणाला, ठीक आहे. पण खरी खोच पुढेच होती. "प्रत्येक बटणानंतर तुमचा ड्रायव्हर क्षणभर थांबतो. का?"

आता ऐका. खाडीच्या खारट हवेने माझ्या चौथ्या बटणाची आतली पत्ती गंजली आहे. एकदा दाबलं तरी ते दोनदा दाबल्यासारखं बोलतं. ते दुसरं बोलणं गिळायला सुचेताने ही थांबण्याची सोय केली होती, तीही सातही बटणांना. इतकी वर्षं माझ्यासोबत काढल्यावर तिला वाटायला लागलं होतं, की आमची जातच अशी. "हे यंत्र असंच आहे," तिने कळवलं.

"यंत्र असं आहे, की तुमचं यंत्र असं आहे?" मेंटेनरने विचारलं.

तेवढ्यात नाशिकच्या दशरथ नावाच्या गृहस्थांचं मेल आलं. त्यांच्याकडे माझाच एक भाऊ होता, धडधाकट! त्यांनी सुचेताचा ड्रायव्हर लावून पाहिला होता. "भरभर टाइप करताना तेच अक्षर लागोपाठ दोनदा आलं, की दुसरं गायब होतं," त्यांनी लिहिलं. मेंटेनरने निकाल दिला, असं घेता येणार नाही.

सुचेता डोक्याला हात लावून बसली. विपुल जवळ आला. "अगं, उजव्या हाताचं लिही ना त्यांना. नोकरीचं पण लिही. माणसंच आहेत ती, घेतील."

"हाताचा आणि कोडचा काय संबंध?"

"तसं नाही, पण..."

"पणबिण काही नाही. तो बरोबर बोलतोय, विपुल. चूक माझी आहे. माझी कीव येऊन त्याने चुकीचा कोड घेतला, तर नाशिकच्या त्या माणसाची अक्षरं कोण परत आणून देणार? आणि मला कायमची भीक घेतल्यासारखं वाटेल ते वेगळंच. ये, धर ह्याला."

मला शिकंज्यात आवळलं. विपुलने बटण धरलं, तिने डाव्या हाताने सोल्डरिंगचा डाग दिला, त्यात विपुलचं बोट भाजलं आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. पण चौथ्या बटणाला नवी पत्ती बसली. मग तिने ड्रायव्हरमधलं थांबणं काढून टाकलं आणि कोड पुन्हा पाठवला.

उत्तर येईना. तिचं जेवणात लक्ष नाही, माझाही जीव टांगणीला. मग एका दुपारी मेल आलं. आधी दशरथांचं, "चालतो, सगळी अक्षरं येतात." पाठोपाठ मेंटेनरचं, "तपासलं. घेतलं." कौतुक नाही, शाबासकी नाही. सुचेता खुर्चीतून उठून नाचलीच!

"म्हणजे त्यांना हाताचं कळलंच नाही?" विपुलने विचारलं.

"काय कळायचं होतं? सात बटणं आहेत. सातही चालतात."

यथावकाश ऑफिसच्या लॅपटॉपवर नवा कर्नल आला आणि त्या शहाण्याने मला मुकाट्याने ओळखलं. सुचेताने माझ्यावर पहिलं मेल टाइप केलं ते साहेबांना, बोलायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून.

मी आजही याच टेबलावर आहे. रंग उडालाय, वायरला चिकटपट्टी आहे. मला जुना म्हणा, खुशाल म्हणा. माझ्यात चूक दिसली तर तोंडावर सांगा, सुधारून दाखवू. पण आमची कीव करायला आला असाल, तर चपला बाहेरच आहेत तुमच्या, घाला आणि निघा.