उलट्या पंखांचे हंस

गुरुवारी सकाळी जामबागेतल्या मालतीबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सुलतान बाजारातले कापडवाले दुकानं उघडायची सोडून आले होते. वकिलांच्या बायका ताटात नारळ घेऊन उभ्या होत्या. मधोमध पाटावर हंसानंद महाराज बसले होते आणि त्यांच्या मांडीवर हंसाचं पिल्लू होतं. त्याच्या एका पंखाला तांबडी पट्टी गुंडाळलेली होती.

"पाच दिवसांपूर्वी हा पंख कसा होता?" महाराजांनी विचारलं.

"उलटा. बाहेर फिरलेला," गर्दीतून उत्तर आलं.

"उलटा नव्हे, प्रस्थानाला निघालेला. सरस्वतीचं वाहन आहे हे. देवी हे शहर सोडते आहे. तिच्यामागे जाईल तो तरेल, मागे राहील त्याच्या घरातली विद्या जाईल. या माउलीने जायच्या फॉर्मावर सही केली. आता काय झालं ते बघा."

त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत पट्टी सोडली. पंख मिटून अंगाला बिलगून बसला. अंगणभर एकच उसासा उमटला. मालतीबाईंनी महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि त्यांना उठवून जवळ घेतलं ते इंदुताईंनी.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलं होतं आणि सरकारी नोकरांच्या हाती पसंतीचे फॉर्म पडले होते. मराठी माणसाने इथंच राहायचं की औरंगाबादेकडे जायचं, यावर घराघरांत वाद चालले होते. मालतीबाईंच्या घरी वाद नव्हता. त्या मुलींच्या शाळेत शिकवत, विधवा होत्या, सोबत वडील आबासाहेब. आबासाहेबांनी चाळीस वर्षं उर्दू कचेरीत पेशकारी केलेली. रोज संध्याकाळी त्यांचे जुने दोस्त बुद्धिबळाला येत. नजर इतकी अधू झाली होती की प्यादी बोटांनी चाचपून ओळखत. "मला इथल्या गल्ल्या पायांना पाठ आहेत," ते म्हणत. "नव्या गावात मी भिंतीवर आपटेन." मालतीबाईंनी राहायचंच ठरवलं होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका जाणार होत्या, त्यांच्या जागी मालतीबाईच येणार हेही सगळे धरून चालले होते.

इंदुताई त्याच शाळेतल्या. वयाने मोठ्या, पण पदवी नसल्याने बढतीच्या यादीत एक पायरी खाली. मालतीबाईंचे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस त्यांनी या घरात स्वयंपाक केला होता. त्यांच्या शब्दापुढे मालतीबाईंना दुसरा शब्द नव्हता.

हंसाची चार पिल्लं त्यांनीच आणून दिली. "शिकवणाऱ्या बाईच्या दारात सरस्वतीचं वाहन असावं, मालू." महाराजांच्या प्रसादाचा डबा त्या रोज आणत. पिल्लांना हाच घाल, गवत देऊ नकोस, साप निघतात म्हणून खुराड्याबाहेर सोडू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. पिल्लं भराभर वाढली. चौथ्या आठवड्यात चौघांचे पंख टोकाकडून बाहेर वळले, जणू कुणी मनगट पिरगाळलं असावं. इंदुताईंनी ते पाहून तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांना घेऊन आल्या. महाराजांनी एका पिल्लाच्या पंखाला पट्टी बांधली आणि देवीमागे जायचं ठरवाल तर पंख मिटेल असं सांगितलं.

मालतीबाई चार रात्री झोपल्या नाहीत. मग सही केली. फॉर्म कचेरीत पोचवायलाही इंदुताईच गेल्या.

त्या गुरुवारनंतर सात घरांनी जायचे फॉर्म भरले. उरलेली तीन पिल्लं महाराजांनी पुढच्या गुरुवारांसाठी खुराड्यातच राखून ठेवली.

शुक्रवारी अंडी विकायला गंगू आली. विद्यानगरच्या पलीकडे तळ्याकाठी ती बदकं आणि हंस पाळायची. खुराड्यापाशी ती थबकली.

"बाई, काय केलंत या पोरांचं? पाव घातला काय?"

"प्रसाद घालते. दुधात कालवलेला पाव, त्यात हरभऱ्याचं पीठ."

"नक्को बाई. हंसाचं पोर गवतावर वाढतं. असलं भारी खाणं घातलं की पिसं आधी वाढतात. कोवळी पिसं रक्ताने भरलेली असतात, जड. हाड कच्चं. ओझ्याने शेवटचा सांधा बाहेर वळतो. त्यात खुराड्यात कोंडलेलं, हालचाल नाही." तिने एक पिल्लू उचललं आणि पंख नीट मिटवून दाखवला. "असा धरायचा, दोन बोटं रुंद मऊ पट्टी पंखालाच गुंडाळायची. अंगाला नक्को, आवळायची पण नक्को. तीन-चार दिवसांनी सोडून बघायची. लहानपणी होतं बरं. हाड पिकलं की मग जन्माचं."

"हे तर महाराजांनी मंत्राने केलं."

"हौ? मग पट्टी कशाला बांधली?"

गंगू पिल्लाच्या पायाकडे बघत होती. तिथं नखाला खूण होती.

"ही माझ्याच कळपातली की. उंच बाई घेऊन गेल्या, जाड चष्म्याच्या. त्यांना मी बोलले होते, दाणा कमी, हिरवं जास्त, नाहीतर पंख उलटेल. त्या म्हणाल्या, कसा उलटतो ते दाखव. माझ्याकडे एक म्हातारा हंस आहे तसला. त्यांनी दोनदा बघितला. बरा कसा करतात तेही विचारलं. मी पट्टी बांधून दाखवली."

"दुसऱ्या कुणी असतील त्या," मालतीबाई म्हणाल्या.

"असतील," गंगू म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

मालतीबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी एक जुनं धुवट लुगडं फाडलं. एका पिल्लाचा पंख त्या पट्टीने बांधला, मंत्राशिवाय. दुसऱ्याला पट्टी बांधली नाही. त्याच्या पंखाला महाराजांचा अंगारा लावला, गळ्यात त्यांचा गंडा घातला आणि महाराज म्हणत तो मंत्र रोज सकाळी एकशे आठ वेळा म्हटला. तिसऱ्याला काहीच केलं नाही. तिघांनाही गवत घातलं. इंदुताईंचा डबा रोज येत होता. मालतीबाई तो हसून घेत आणि मागच्या दाराने गायीपुढे रिकामा करत. ते हसणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

बुधवारी पट्टी सोडली. पंख जागेवर होता. अंगाऱ्यावाल्याचा आणि तिसऱ्याचा पंख तसाच बाहेर लोंबत होता.

त्या सरळ कचेरीत गेल्या. कारकुनाने रजिस्टर चाळलं. "शाळाखात्याची यादी गेली, बाई. आता बदल नाही. बाकीच्या खात्यांना शनिवारपर्यंत मुदत आहे."

गप्प बसल्या असत्या तर त्यांची शोभा झाली नसती. पण सात घरं डोळ्यांपुढे होती.

गुरुवारी अंगण पुन्हा भरलं. महाराज पाटावर बसायच्या आत मालतीबाई तिन्ही पिल्लं घेऊन पुढे आल्या.

"याला मी चिंधी बांधली, मंत्र नाही. याला तुमचा मंत्र, अंगारा, गंडा, चिंधी नाही. याला काहीच नाही. आता बघा सगळ्यांनी."

लोक जवळ सरकले. महाराजांनी घसा खाकरला. "अश्रद्धेने परीक्षा घेतली की दैवत रुसतं, माउली."

"मी अश्रद्ध नव्हते. गेल्याच आठवड्यात तुमच्या पायावर डोकं ठेवलं होतं. या दोघांचे पंख मंत्राने मिटवा, पट्टी न बांधता. सही केलेली घरं सातही इथं हजर आहेत."

"आज योग नाही."

"पट्टीला योग लागत नाही वाटतं," दारातून आबासाहेब म्हणाले. मागे कुणीतरी हसलं, मग आणखी चार जण हसले. महाराज जानवं सावरत उठले आणि रिक्षा गाठेपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही.

मालतीबाईंनी गंगूने सांगितलेलं सगळं लोकांना समजावून सांगितलं. पाव, पीठ, जड पिसं, कच्चं हाड. पिल्लं कुणाच्या हातून आली ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. गर्दी पांगली तेव्हा इंदुताई अजून खांबापाशी उभ्या होत्या.

"गंगूने मला सांगितलंय," मालतीबाई म्हणाल्या.

इंदुताईंनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या हाताखाली नोकरी संपवायची नव्हती मला."

"मला सांगायचं होतंत. मी ती जागा तुम्हाला सोडली असती."

"माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही. तू दिलेली जागा मला नको होती."

"आबांचं काय, ताई? त्यांचा तरी विचार करायचा."

इंदुताई पदर सावरून निघून गेल्या, आणि महिन्याभराने मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसल्या.

सातांपैकी पाच घरांनी शनिवारच्या आत फॉर्म परत घेतले. दोघांनी विचार करून जायचंच ठरवलं, पण ते त्यांचं त्यांनी ठरवलं. मालतीबाईंची बदली औरंगाबादेला झाली. आबासाहेबांनी एकदाही दोष दिला नाही. नव्या घरात ते भिंत धरून चालायला शिकले.

निघायच्या दिवशी शेजारच्या बायका स्टेशनवर आल्या होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "बाई, मग यापुढे विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

मालतीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "ते मलाही अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. मला त्या चार रात्रींत कुणाला विचारायचं सुचलं नाही, म्हणून हे झालं. तळ्याकाठच्या बाईला जे माहीत होतं, ते मला एका प्रश्नात कळलं असतं. भीती वाटली की सही करू नका. आधी विचारा, हे कशाने झालं. आणि विचारू नको असं जो म्हणेल, तो कितीही जवळचा असो, त्याला दोनदा विचारा."