तिच्या तोंडातला मासा

“हा मासा कुठून आला?”

प्रसिद्धी विभागातल्या मॅडमनी मान वर केली. टेबलावर नव्या वर्षाच्या कॅलेंडरांचे गठ्ठे रचलेले होते, छपाईचा वास अजून गेला नव्हता. समोर बॉयलरवरचा माणूस उभा होता. त्याच्या हातात उलगडलेलं कॅलेंडर होतं आणि अंगठा चित्रातल्या पाणमांजराच्या तोंडाशी.

“छान आलंय ना?” मॅडम म्हणाल्या. “खाली तुमचं नावही टाकलंय बघा.”

“ते बघितलं. मासा कुठून आला, ते विचारतोय.”

“डिझायनरनं बसवला. अहो, वर्षभर भिंतीवर राहणारी वस्तू ही. मेलेलं पिल्लू रोज कोण बघेल?”

“आणि फेस?”

“तोही काढला. पाणी कसं स्वच्छ दिसतंय आता!”

त्यानं पुन्हा चित्राकडे पाहिलं. निळंशार पाणी, त्यात मान वर केलेली पाणमांजराची मादी, तोंडात चकचकीत चंदेरी मासा. वर ठळक अक्षरांत: ‘नदी हसते, कारण आम्ही जपतो.’ आणि खाली, छायाचित्रकार म्हणून, त्याचं संपूर्ण नाव.

कागदाच्या त्या कारखान्यात त्याला सगळे पाणमांजऱ्या म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उभी हयात बॉयलरसमोर गेली होती. वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची, काटा हलला की झडप फिरवायची, एवढंच काम. पण सकाळची पाळी नसली की उजाडता उजाडता तो जुना कॅमेरा गळ्यात अडकवून नदीवर जाई. कारखान्याच्या सांडपाण्याचा नाला नदीला मिळतो, त्याच्या जरा खाली खडकांच्या कपारीत पाणमांजरांचं एक कुटुंब राहत होतं. तो ओल्या वाळूत पालथा पडून त्यांची वाट बघे. पाणमांजरं त्याला ओळखू लागली होती, निदान त्याला तरी तसं वाटे.

“लग्नात माझा एक फोटो धड काढला नाहीत,” बायको म्हणायची, “आणि त्या मांजरांपुढं कसे लोटांगण घालता!”

“ती हलत नाहीत मधेच.”

“बोलत नाहीत म्हणा.”

त्या सकाळी नाल्याच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा खच पडला होता. पांढुरका फेस खडकांना लपेटून बसला होता आणि वासानं डोळे चुरचुरत होते. फेसातून मादी वर आली. तिनं पिल्लाला मानेशी तोंडात धरलं होतं. पिल्लाचे पाय लोंबत होते. त्यानं शटर दाबलं. तिनं ते खडकावर ठेवलं, चाटलं, नाकानं ढकललं. ते हललं नाही. तिनं पुन्हा उचललं, थोडं पुढं नेलं, पुन्हा ठेवलं. त्यानं कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसताच बघत राहिला.

घरी मुलीनं तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. ती एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायची. नवरीच्या गालावरचे डाग पुसायचे, व्याह्यांचं पोट जरा आत घ्यायचं, हे तिचं रोजचं काम.

“बाबा, फेस थोडा कमी करू? नजर तिकडेच जातेय.”

“नको. होता तेवढा राहू दे. फक्त पिल्लाचं तोंड अंधारात गेलंय, ते दिसेल असं कर.”

तिनं तेवढ्याच जागेचा उजेड हळूहळू वाढवला. काळ्या डागातून आधी मिशा दिसल्या, मग अर्धवट मिटलेला डोळा. मागं उभी असलेली बायको म्हणाली, “बंद कर गं ते,” आणि आत निघून गेली.

नाल्याबद्दल तो आधीही बोलला होता. सुपरवायझरला, सुरक्षा अधिकाऱ्याला, भेटेल त्याला. सगळे “बघू” म्हणत. मग कॅलेंडरसाठी कामगारांकडून नदीचे फोटो मागवले, तेव्हा त्यानं हाच दिला. साहेब लोक काही नदीवर येणार नाहीत, निदान नदी त्यांच्या टेबलावर जाऊ दे, असा त्याचा हिशेब. फोटो निवडला गेल्याचं कळलं त्या दिवशी तो घरी आला तोच हसत. “त्यांनी बघितला,” तो बायकोला म्हणाला. “बघितला आणि घेतला. म्हणजे कळलं त्यांना.”

आता तेच कॅलेंडर मुलीनं खिडकीच्या उजेडात धरलं.

“किती वाईट काम केलंय,” ती म्हणाली. “आईवर ऊन डावीकडून आणि माशावर उजवीकडून. मी असं केलं तर मला हाकलून देतील.”

मग तिनं माशावर बोट ठेवलं.

“पण बाबा, पिल्लू पुसायला कुणीतरी बसलं असेल ना? चांगलं मोठं करून बघितलं असेल. तो डोळासुद्धा. आणि तरी पुसलं?”

दुसऱ्या दिवशी तो थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेला.

“साहेब, माझं नाव काढा त्यावरून.”

“का बरं? लोक नाव छापून यावं म्हणून धडपडतात.”

“मी काढलेला फोटो तो नाही.”

“अहो, पाणमांजर मासे खातं की नाही? मग मासे खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडात मासा दाखवला, त्यात खोटं काय?”

“तिच्या तोंडात तिचं पोर होतं, साहेब.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “सगळं छापून झालंय. आता काय, मी एकेका कॅलेंडरवरून तुमचं नाव खरवडत बसू?”

“तुम्ही नका बसू,” तो म्हणाला.

त्यानं दाढीचं पातं घेतलं आणि सुरुवात बॉयलर घरापासून केली. चित्राला हात लावला नाही, वरच्या ओळीलाही नाही. फक्त खालचं नाव, अक्षर न् अक्षर, कागद फाटणार नाही अशा बेतानं खरवडलं. मग वर्कशॉप, मग गोदाम, मग फाटकावरची चौकी.

“अरे, आमचं नाव पगारपत्रकाशिवाय कुठं छापून येत नाही,” फिटर म्हणाला, “आणि तू आलेलं घालवतोस?”

“तुला हवं असेल तर तुझं लिही त्या जागी.”

फिटर हसला, पण त्यानं लिहिलं नाही.

कॅन्टीनमधल्या मावशींनी त्याला पातं काढताना पाहिलं आणि हात पुसत पुढं आल्या. “थांब, बोट कापून घेशील. मी खालून धरते.” त्यांनी कॅलेंडर ताणून धरलं. “पिल्लू होतं म्हणे?”

“हो.”

“मेलेलं?”

“हो.”

“मग मासा कशाला चिकटवला मेल्यांनी?” त्यांनी रागानं विचारलं.

आठवडा उलटायच्या आत त्याला बॉयलरवरून काढून लाकडाच्या यार्डात धाडलं. कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान, असं कारण सांगितलं. सुपरवायझर तसा भला माणूस. त्यानं बाजूला घेऊन समजावलं, “एकदा माफी माग आणि मोकळा हो. या वयात ओंडके मोजत उन्हात उभा राहणार का?”

“माफी कुणाची मागू?”

“साहेबांची, आणखी कुणाची?”

“मला वाटलं, तुम्ही तिची म्हणताय.”

कारखान्यातल्या भिंतींवर आता त्याच्या नावाचं एकच कॅलेंडर उरलं होतं. ते साहेबांच्या केबिनमध्ये होतं. यार्डातल्या कपड्यांतच तो वर गेला. शिपायाला वाटलं, माफी मागायला आला. त्यानं कौतुकानं दार उघडून दिलं.

आत दोन पाहुणे बसले होते. त्यातले एक गृहस्थ भिंतीकडे पाहत म्हणत होते, “काय सुरेख फोटो आहे हो! तुमच्याच नदीवरचा?”

साहेबांनी त्याला पाहिलं आणि चेहरा खुलवला. “या, या. हेच ते छायाचित्रकार.”

पाहुण्यांनी हात पुढं केला. त्यानं दोन्ही हात जोडले, भिंतीपाशी गेला आणि खिशातून पातं काढलं. केबिनमध्ये फक्त कागदावर पातं घासल्याचा आवाज होत राहिला. साहेब अर्धवट उठले आणि पाहुण्यांकडे बघून पुन्हा बसले.

“हे काय करताय?” पाहुण्यांनी विचारलं.

“नाव काढतोय. हा फोटो माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“साहेबांना विचारा. तिच्या तोंडात आधी काय होतं, तेही विचारा.”

साहेब मोठ्यानं हसले. “कलाकार मंडळी, दुसरं काय! चहा घ्या, गार होतोय.”

पाहुण्यांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि कप उचलला.

शेवटचं अक्षर निघालं. खाली टेबलाच्या काचेवर कागदाचा पांढरा भुगा पडला होता. त्यानं तो तळहाताच्या कडेनं नीट गोळा केला, मुठीत घेतला आणि जाताना दुसऱ्या हातानं दार हळूच ओढून घेतलं.