एका पुठ्ठ्यातली तीन पुस्तके

मित्रांनो, मी एक जुने, जाडजूड पुस्तक आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठेसे? पण थांबा. मी दिसते एक, आणि माझ्या पोटात आहेत तीन. पहिले कायद्याचे. दुसरे वीज, यंत्रे आणि सरकारी धोरणाचे. तिसरे सभेत बोलून लोकांचे मन कसे वळवावे, हे शिकवणारे.

पूर्वी आम्ही तिन्ही वेगवेगळी होतो. धुळ्याच्या निर्मलकुमार वकिलांच्या टेबलावर राहायचो. वकीलसाहेबांचे वाचणे म्हणजे पेन्सिल कानावर, बोट जिभेवर आणि चहाची बशी थेट आमच्या अंगावर. एखादा मुद्दा पटला की ते समासात बारीक अक्षरात काहीतरी टिपून ठेवत. तेव्हा मला अगदी गुदगुल्या व्हायच्या. रोज त्यांच्या काखेत बसून कोर्टात जायचे, वाद ऐकायचे आणि धुळीने माखून परत यायचे. काय थाट होता म्हणून सांगू!

वापरून वापरून आमची शिवण सुटली. वकीलसाहेब आम्हाला कोर्टामागच्या नथ्थू बाइंडरकडे घेऊन गेले. मारवाडी घरातला माणूस, काही वाया घालवायचे नाही ही लहानपणापासूनची सवय. म्हणाले, "तीन पुठ्ठे कशाला नथ्थूभाऊ? एकातच बसवा तिघांना."

"साहेब, कायद्याच्या मांडीला मांडी लावून भाषणबाजी बसवताय. भांडतील दोघं."

"कोर्टात दुसरं काय चालतं?"

झाले. एकच पुठ्ठा चढला आणि पाठीवर जागा होती तेवढे एकच नाव आले, 'कायदा'. पोटातल्या बाकी दोघांचा बाहेर पत्ताच नाही.

मग सहासष्ट साली वकीलसाहेब तापाने गेले. कोर्टाची वाट बंद झाली. त्यांच्या पत्नी मोहनबाई एक लोखंडी पेटी आणि मला घेऊन सोनगीरजवळच्या गावी दिरांकडे राहायला आल्या. दिरांचे नाव शांतीलाल. पेठेत त्यांचे धान्याचे दुकान होते.

मोहनबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी मला लाल कापडात गुंडाळले, दोन घट्ट गाठी मारल्या आणि घरातल्या पोथ्यांशेजारी ठेवले. जैनांच्या घरी दिवाळीनंतर पाचव्या दिवशी ज्ञानपंचमी असते. त्या दिवशी पुस्तके पुसतात, त्यांना नमस्कार करतात. मोहनबाई माझ्या कापडावर केशर शिंपडायच्या, तांदूळ वाहायच्या, कपाळ टेकवायच्या. पण गाठ सोडायच्या नाहीत. पाच वर्षे माझी पूजा झाली आणि पाच वर्षे मला कोणी वाचले नाही. मित्रांनो, मान मिळत होता, तरी आत गुदमरायला होत होते. एका कसरीने तर धोरणाच्या भागात संसारच थाटला.

आता राजकुंवरबद्दल सांगते. ती शांतीलालांची मुलगी, नववीतली. घरात तिला राजी म्हणत. ती जिन्यावरून कधी चालत उतरली नाही, उड्या मारतच उतरली. शाळेत मुलींचा वर्ग मागच्या खोलीत भरायचा. तिथे एकच झरोका होता. चार वाजले की फळा दिसेनासा व्हायचा. मुख्याध्यापिका कमलबाई मग मुलींना घरी सोडत आणि गणित व विज्ञान रोज बुडायचे. कमलबाईंनी वर्गात स्पष्टच सांगितले, "हे दोन विषय असेच बुडाले तर मॅट्रिकला बसता येणार नाही. मग पुढच्या वर्षी मुलींचा वर्ग चालवायचा तरी कशासाठी?"

त्याच सुमारास दीपनगरच्या वीजकेंद्राची वीज गावाच्या वेशीपर्यंत आली. पण खांब होते मोजके. एक तर ते पेठेत जाणार, नाही तर शाळेकडे. दुसरीकडे वीज कधी जाईल ते वीज मंडळाच्या साहेबांनाही सांगता येईना. ते म्हणाले, "ग्रामसभेत ठरवा." पेठेच्या बाजूने बोलणार होते पंच शांतीलाल. त्यांना विजेवरची पिठाची गिरणी टाकायची होती. शाळेच्या बाजूने कमलबाईंनी कोणाला उभे केले असेल? राजीला.

ज्ञानपंचमीच्या सकाळी मोहनबाई माझ्यावर केशर शिंपडत होत्या. राजी शेजारी येऊन बसली.

"काकीसा, कायद्याचं पुस्तक आहे ना हे? मला वाचायला द्या. मी लहान म्हणून ग्रामसभेत कोणी बोलू दिलं नाही तर?"

"त्याला हात नाही लावायचा, बाईसा."

"ज्ञानाची पूजा करायची आणि ज्ञानाला गाठोड्यात कोंडायचं, हे बरं आहे."

"जीभ फार चालते तुझी." मोहनबाईंनी मला छातीशी धरले. मग हळूच म्हणाल्या, "त्यांचं बोट प्रत्येक पानाला लागलंय. तुझं लागलं की त्यांचं पुसून जाईल."

राजीने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी बोटसुद्धा लावत नाही. पानं तुम्ही उलटा, मी नुसतं वाचते."

मोहनबाईंनी एक गाठ सोडली, मग दुसरी. पाच वर्षांनी मला उजेड दिसला.

असे आठ दिवस चालले. न वाचता येणारी बाई पाने उलटायची आणि हात मागे बांधलेली पोर वाचायची. कायद्याच्या भागात ग्रामसभेत मत कोणी द्यायचे ते लिहिले होते. कोणी बोलायचे नाही, असे कुठेच नव्हते. राजी बसल्या जागी नाचली. धोरणाच्या भागात एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती: 'नवे यंत्र आधी कोणाच्या दारी जाते, ते पाहा.' मग अचानक तिसरे पुस्तक लागले. ते माझ्या पोटात आहे हे दोघींनाही माहीत नव्हते. त्यात लिहिले होते: 'आधी समोरच्याचे म्हणणे मांडा, तेही त्याच्याहून चांगले.' त्याच्या समासात बारीक अक्षरे होती. राजी वाचता वाचता अडखळली.

"काय गं?"

"काकांनी लिहिलंय. 'हे आज मोहनसमोर म्हणून पाहणे.'"

मोहनबाईंचा हात पानावरच राहिला. मग त्या हसल्या, डोळ्यांत पाणी असताना हसतात तसे. "रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायची अन् ते समोर उभे राहून बोलायचे. मला वाटायचं, हा माणूस भिंतीशी का भांडतो? ज्या दिवशी ऐकता ऐकता माझं लाटणं थांबायचं, त्या दिवशी म्हणायचे, 'मोहन, उद्याचा खटला जिंकलो.'"

त्यांनी मला राजीच्या मांडीवर ठेवले. "घे. आता तू उलट पानं."

ग्रामसभेला मी राजीच्या काखेत होते. कोर्टाची आठवण आली. चावडीत पुरुष पुढे, बायका मागे. मोहनबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून शेवटी बसलेल्या. शांतीलाल सुपारी कातरत होते. त्यांचे गिरणीबद्दल बोलून झाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. राजी उठली तशी कोणीतरी म्हणाले, "पोरंटोरं कधीपासून सभेत बोलायला लागली?"

राजीने मला उघडून कायद्याचे ते पान वीज मंडळाच्या साहेबांपुढे धरले. साहेबांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बोल."

पण काय झाले, ठाऊक आहे? तिने पाठ केलेले भाषण असे भरभर सुरू केले की मलाही कळेना. अडकित्त्याची कटकट चालूच होती. कोणी जांभई दिली. राजीची ओळ चुकली, वाक्य हरवले. तिने मला घट्ट धरले. तिच्या तळहाताचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला. मग तिने मागे काकीसांकडे पाहिले, एक श्वास घेतला आणि सावकाश बोलू लागली.

"बापूजींचं म्हणणं खरं आहे. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. आमच्या काकीसांच्या तळहातावर जात्याचे घट्टे आहेत. पुनाआबा, तुमच्या घरातल्यांच्याही असतील. गिरणी आली तर बायांची पहाट दळणातून सुटेल. गिरणी यायलाच हवी."

शांतीलालांना आधी नवल वाटले, मग बरे वाटले. कट, कट.

"पण दळण अंधारात होतं, बापूजी. आजवर झालंच आहे. अंधारातला फळा काही वाचता येत नाही. गिरणी एक वर्ष थांबली तर ती पुढच्या वर्षी येईल. आमचा वर्ग एक वर्ष थांबला, तर पुढच्या वर्षी आमच्यातली एकही परत येणार नाही. मला धरून."

अडकित्ता थांबला.

अर्धी सुपारी शांतीलालांच्या बोटांत तशीच होती. शेवटी म्हातारे पुनाआबा म्हणाले, "शांतीभाऊ, पोरनं बठ्ठं खरं शे." म्हणजे, पोरीचे सगळे खरे आहे.

शांतीलाल खाली बघत म्हणाले, "हिचा काका असाच होता. आधी गोड बोलायचा, मग हरवायचा." आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "आधी शाळेकडे खांब टाका. माझी गिरणी वाट बघेल."

मागे बसलेल्या मोहनबाईंनी पदर सावरला. अडकित्ता थांबलेला त्यांनी माझ्याइतकाच स्पष्ट ऐकला होता.

मित्रांनो, आता माझी पाने पिवळी पडली आहेत. पाठीवरचे 'कायदा' हे नावही उडाले आहे. आम्हा पुस्तकांना जरूर जपा. पाय लागला तर नमस्कार करा, कसर लागू देऊ नका, ओल्या हातांनी धरू नका. पण जपायचे म्हणून कोंडून ठेवू नका. आम्हाला बोटे लागली की कोणाची आठवण पुसत नाही, उलट ती बोलू लागते.

ज्ञानपंचमीला मोहनबाई अजूनही केशर आणतात. पण आता लाल कापड माझ्याखाली अंथरलेले असते, अंगावर नसते. राजीने त्यांना अक्षरे शिकवली आहेत. त्या स्वतः मला उघडतात, ते पान काढतात आणि समासातल्या 'मोहन' या शब्दावर बोट ठेवून एक-एक अक्षर वाचतात. तिथला कागद जरासा झिजला आहे. झिजू दे.