पाठमोरा राक्षस

मित्रांनो, मी एक जुना, हातात घालून नाचवायचा मोज्याचा राक्षस आहे. एका आईने लेकीला गोष्ट सांगण्यासाठी नवऱ्याच्या लोकरी मोज्यातून मला शिवले. डोळ्यांना दोन बटणे, केसांना काळी लोकर. गोष्ट तिच्या आजीकडून आलेली: तळ्याकाठी एक राक्षस पाठमोरा बसतो आणि म्हणतो, "माझे केस विंचरून देतेस?" माझी शिवण एका अंगाने ओढली गेली होती. हात आत गेला की मी आपोआप पाठ फिरवायचो. लेक किंचाळून आईच्या कुशीत शिरायची. काय माझा रुबाब होता!

लेक मोठी झाली, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत राक्षस रंगवू लागली. तिने मला संगणकाशेजारी ठेवले. मला वाटले, पुन्हा चांगले दिवस आले. पण माझ्याकडे बघत बघत ती पडद्यावर दुसऱ्यालाच घडवत होती. चकाकते खवले काय, दातांच्या तीन तीन ओळी काय! गोष्ट माझी आणि थाट त्याचा. सगळे त्याच्याभोवती गोळा होत. माझ्या डोक्यावर कोणीतरी चहाचा कप टेकवला. देव मला क्षमा करो, मी आतल्या आत जळत होतो.

मग गेम खेळून बघायला मुले आली आणि त्याला बघून खो खो हसली.

"बाई, हा राक्षस आहे की दातांच्या डॉक्टरची जाहिरात?" कंपनीचे साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर काढून टाकू याला."

खोटे कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

साहेब गेल्यावर लेकीने डोळे पुसले आणि सहज माझ्यात हात घातला. मी पाठ फिरवली. मुद्दाम नव्हे हो, शिवणच तशी!

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली. "मी त्याचं तोंड दाखवलंच कशाला?"

तिने त्यालाही पाठमोरा बसवला, पाठीवर काळेभोर केस सोडले. संध्याकाळी साहेबांनी "केस विंचरून देता?" एवढेच ऐकले आणि ते खुर्चीसकट मागे सरकले.

"बाई... राहू दे याला."

आता तो घरोघरी पोचला आहे. भिंतीवर त्याचे भले मोठे चित्र आहे, आणि मला कसर लागली आहे. मत्सर? आहे ना, अजून आहे. पण काम अडले की लेक माझ्यातच हात घालते. त्याला लाखो बोटे नाचवतात. आत मात्र एकही शिरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात असा कोणी जुना पडला असेल. त्याला जरा ऊन दाखवा, उसवला असेल तिथे टाका घाला. मग हळूच आत हात घाला, आणि तो कुणीकडे वळतो ते बघा.